वाचकांचे प्रश्न : पेटंट कसाला लावायचे कोणी?

गेल्या अंकात भारतीय पेटंट कायद्यातील बदलांवर एक टिपण दिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांचा रोख बहुतांशी एकच होता. देशात पेटंटे वाढत आहेत, पण मिळालेले पेटंट खरोखर त्या लायकीचे आहे की नाही हे ठरते कसे, आणि ती कसोटी कडक करायची तर कायद्यात आणि कार्यालयात काय बदलावे लागेल? त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि लेखकांच्या इच्छेनुसार नावे गाळली आहेत.

प्रश्न : शिवाजी उद्यमनगरात आमचे छोटे वर्कशॉप आहे. उसाच्या कांडीवरचा डोळा काढण्याचे हातयंत्र आम्ही बारा वर्षांपासून बनवतो. आमच्याच गल्लीत आणखी तिघे ते बनवतात. गेल्या महिन्यात एका कंपनीच्या वकिलाची नोटीस आली की या यंत्राचे पेटंट त्यांच्याकडे आहे आणि आम्ही उत्पादन थांबवावे. जे सगळे जण बनवतात त्याचे पेटंट मिळालेच कसे? आता आम्ही काय करावे?
– एक उद्योजक, कोल्हापूर

उत्तर : आपण नोटिशीबरोबर पेटंटची प्रतही पाठवलीत हे फार चांगले केले, कारण पेटंटचे नाव आणि चित्रे पाहून काहीच ठरत नाही. सगळा जोर शेवटच्या पानांवरील दाव्यांवर, म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागितला आहे ते सांगणाऱ्या क्रमांकित वाक्यांवर, असतो. या पेटंटचा पहिला दावा मी तीनदा वाचला. त्यात एक चौकट आहे, चौकटीला खिळीवर बसवलेला दांडा आहे, दांड्याला वक्र पाते आहे आणि दाब सोडल्यावर दांडा वर आणणारी स्प्रिंग आहे. एवढेच! पात्याच्या मागे डोळा न चेंगरता बाजूला सारणारी जी छोटी पट्टी चित्रात दिसते, आणि जी कदाचित खरोखर त्यांची स्वतःची कल्पना असेल, ती थेट पाचव्या दाव्यात आली आहे. म्हणजे हक्क मागायला हवा होता त्या पट्टीवर, आणि मिळाला आहे उद्यमनगरातल्या प्रत्येक यंत्रावर. निकृष्ट पेटंट म्हणजे काय याचे याहून स्वच्छ उदाहरण मला देता येणार नाही.

हे घडले कसे, याचे उत्तर पेटंट कार्यालयात अर्ज तपासणाऱ्या परीक्षकाच्या टेबलावर आहे. परीक्षक आधीचे ज्ञान शोधतो ते निरनिराळ्या देशांच्या पेटंटांत, शोधनिबंधांत आणि पुस्तकांत. आपल्या गल्लीतले यंत्र त्यांपैकी कशातही नाही. एखादी वस्तू भारतात आधीपासून उघडपणे वापरात असेल तर तिच्यावर पेटंट देता येत नाही, असे आपला कायदा सांगतो. पण ती वापरात आहे ही गोष्ट परीक्षकाच्या कानावर कोणी घातलीच नाही, तर त्याला ती कळण्याचा मार्गच नाही.

हळदीच्या प्रकरणातही नेमके हेच झाले होते. १९९५ मध्ये अमेरिकेत, मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. आपल्याकडे बोट कापले की घरातले कोणीही हळद दाबते, पण परदेशात लोक एखादी गोष्ट करतात एवढ्यावर तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात पेटंट अडत नसे. ती कुठेतरी छापलेली दाखवावी लागे. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) ते पेटंट आव्हानित केले. त्यासाठी जुन्या ग्रंथांतले उतारे आणि १९५३ च्या इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातील लेख असे ३२ संदर्भ जमवले, तेव्हा कुठे १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. पुढे २०११ च्या सुधारणा कायद्याने अमेरिकेने ही अट काढून टाकली आणि मार्च २०१३ पासूनच्या अर्जांना जगातल्या कोणत्याही देशातला उघड वापर आड येऊ शकतो. आपणही २००१ पासून पारंपरिक ज्ञानाची अंकीय लायब्ररी उभी केली, आणि आज परदेशी पेटंट कार्यालयांतले परीक्षक ती पाहू शकतात. मात्र तिच्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि योग यांचे ज्ञान आहे. लेथवर उभ्या असलेल्या माणसाच्या ज्ञानाची अशी लायब्ररी कोणीही केलेली नाही, आणि ही उणीव मला मनापासून बोचते.

आता आपण काय करावे ते सांगतो. नोटिशीला उत्तर न देता गप्प बसू नका. पेटंट मंजूर झाल्याचे प्रसिद्ध होऊन एक वर्ष झालेले नसेल, तर कलम २५(२) खाली पेटंट कार्यालयातच हरकत घेता येते. ते वर्ष उलटले असेल, तर पेटंट रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागेल. कंपनीने जिल्हा न्यायालयात दावा दाखल केलाच, तर त्यात पेटंट रद्द करण्याचा प्रतिदावा करावा, म्हणजे सगळे प्रकरण उच्च न्यायालयाकडे जाते. धमकी निराधार असेल, तर कलम १०६ खाली तसे जाहीर करून मागण्याचाही आपल्याला हक्क आहे. मात्र कोणताही मार्ग घेतलात तरी सगळे अडते ते पुराव्याच्या तारखेवर. कंपनीचा अर्ज ज्या दिवशी दाखल झाला त्याच्या आधीची विक्रीची बिले, डिलिव्हरी चलने, व्हॅटच्या काळातील पावत्या, कृषी प्रदर्शनातील पत्रके, ज्या शेतकऱ्यांनी यंत्रे घेतली त्यांची प्रतिज्ञापत्रे, यंत्राचा एखादा व्हिडिओ कोणी चढवला असल्यास त्याची तारीख, हे सर्व आजच एका फायलीत लावा. शेजारच्या तिघांनाही बरोबर घ्या, कारण चौघांची बिले एका यंत्राविषयी एकच गोष्ट सांगू लागली की ती खोडून काढणे अवघड जाते.

आणि एक विनंती आपल्या उद्योजक संघटनेला आहे. पेटंट कार्यालयाचे जर्नल दर शुक्रवारी संकेतस्थळावर येते आणि मंजुरीपूर्वीचे अर्ज त्यात प्रसिद्ध होतात. संघटनेने एका माणसाला आपल्या धंद्याशी संबंधित अर्ज वाचण्याचे काम दिले आणि आपल्या सभासदांचे जुने कॅटलॉग तारखेसह खुले ठेवले, तर असे पेटंट मंजूर होण्याआधीच अडवता येईल. मंजुरीनंतर न्यायालयात जायचे तर वकिलाची फी आणि कित्येक वर्षे लागतात. मंजुरीआधी एक अर्ज आणि चार जुनी बिले पुरू शकतात.

प्रश्न : मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. आमच्याकडे प्रत्येक विभागाला वर्षाला ठरावीक पेटंटे ‘टाकण्याचे’ उद्दिष्ट दिले आहे. अर्ज प्रसिद्ध झाला की फलक लागतो आणि सत्कार होतो. देशाची आकडेवारीही जोरात वाढते आहे. याला प्रगती म्हणावे का?
– एक प्राध्यापिका, नाशिक

उत्तर : आकडे खरोखरच मोठे आहेत. २०२२-२३ या वर्षात देशात सुमारे ३४ हजार पेटंटे मंजूर झाली आणि २०२३-२४ मध्ये एक लाखाहून अधिक. तुंबलेले अर्ज निकाली निघाले याचे मला समाधान आहे, कारण पाच-सहा वर्षे वाट पाहून कंटाळलेले कितीतरी संशोधक मी पाहिले आहेत. परंतु त्या एका वर्षात परीक्षक काही तिप्पट झाले नव्हते, मग प्रत्येक अर्जाच्या वाट्याला किती तास आले असतील, हा प्रश्न विचारल्याशिवाय या आकड्याचा अभिमान मला बाळगता येत नाही.

आपल्या महाविद्यालयाविषयी बोलायचे तर ‘प्रसिद्ध’ आणि ‘मंजूर’ या दोन शब्दांतले अंतर आधी नीट समजून घ्यावे. अर्ज दाखल केल्यावर तो अठरा महिन्यांनी आपोआप प्रसिद्ध होतो, आणि जादा शुल्क भरून तशी विनंती केली तर महिनाभरातच. प्रसिद्ध झाला याचा अर्थ तो कोणी तपासला असा अजिबात होत नाही. तपासणी व्हावी यासाठी वेगळी विनंती आणि वेगळे शुल्क लागते. मार्च २०२४ पासून दाखल होणाऱ्या अर्जांसाठी या विनंतीची मुदत ३१ महिन्यांची आहे. विनंती केली नाही तर अर्ज मागे घेतला असे मानले जाते. तोपर्यंत फलक लागून गेलेला असतो, मानांकनाच्या तक्त्यात आकडा भरलेला असतो आणि अर्ज निमूटपणे संपलेला असतो.

हे अर्ज मी वाचतो. त्यांतल्या अनेकांची चित्रे एकमेकांवर ठेवली तर जुळतील. एका चौकोनात सेन्सर, दुसऱ्यात मायक्रोकंट्रोलर, तिसऱ्यात क्लाउड, चौथ्यात मोबाइल, आणि मध्ये बाण. कधी ते गोठ्यासाठी असते, कधी हेल्मेटसाठी, कधी कचरापेटीसाठी. ज्या विद्यार्थ्याने खरोखर रात्री जागून काही केले असेल, त्याचे काम या ढिगाऱ्यात दिसेनासे होते. परीक्षकाचा जो वेळ त्याच्या अर्जाला मिळायला हवा होता तोही या ढिगाऱ्यातच जातो.

याचे मूळ मोजमापात आहे. एनआयआरएफ या शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय मानांकनात प्रसिद्ध झालेली पेटंटेही मोजली जातात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत शिक्षकाला आंतरराष्ट्रीय पेटंटसाठी दहा आणि राष्ट्रीय पेटंटसाठी सात गुण आहेत. शैक्षणिक संस्थांना शुल्कात ऐंशी टक्के सवलत आहे. ही सवलत योग्यच आहे, पण या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की काय होते ते आपण पाहतच आहात. संशोधकांच्या यादीत तिसरे किंवा चौथे नाव घालण्याचा दर सांगणारे व्हॉट्सॲप संदेश माझ्याकडेही आले आहेत. ज्याने शोधात काहीच भर घातली नाही त्याचे नाव संशोधक म्हणून लावणे ही अर्जातील खोटी माहिती आहे, आणि आपल्या सहकाऱ्यांना हे स्पष्ट शब्दांत सांगायला आपण कचरू नये.

सुधारणा करायची तर मानांकनातून ‘प्रसिद्ध’ हा रकाना काढून टाकावा. मंजूर झालेल्या पेटंटपैकी ज्यांचे नूतनीकरण शुल्क संस्थेने पाच वर्षांनंतरही स्वतःच्या खिशातून भरले आहे, किंवा जी एखाद्या कारखान्याने परवाना घेऊन वापरली आहेत, तीच मोजावीत. ज्या पेटंटसाठी संस्था स्वतः पैसे मोजायला तयार नाही त्याचे गुण सरकारने का द्यावेत?

प्रश्न : औषध कंपन्यांचे म्हणणे असे की मंजुरीपूर्वी कोणालाही हरकत घेऊ दिल्याने पेटंटे वर्षानुवर्षे अडतात. सरकारने २०२४ च्या नियमांत ही वाट थोडी अरुंद केली. हे योग्यच झाले नाही का?
– एक औषधविक्रेते, सोलापूर

उत्तर : माझे मत वेगळे आहे, आणि ते का याचे उत्तर मुंबईच्याच पेटंट कार्यालयात झालेल्या एका निर्णयात आहे. बेडाक्विलिन हे औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगावरचे औषध. त्याच्या मूळ रेणूचे पेटंट जुलै २०२३ मध्ये संपत होते. त्याच औषधाच्या फ्युमरेट क्षारावर कंपनीने स्वतंत्र अर्ज केला होता. तो मंजूर झाला असता तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. या अर्जावर हरकत घेणाऱ्या दोघी जणी स्वतः क्षयरोगातून उठलेल्या होत्या, मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले. जुन्या विषारी औषधांमुळे दोघींचीही श्रवणशक्ती गेली होती. २३ मार्च २०२३ रोजी तो अर्ज फेटाळला गेला. मंजुरीपूर्वीच्या हरकतीच्या कलम २५(१) मध्ये ‘कोणतीही व्यक्ती’ असे दोन शब्द आहेत म्हणून त्या तेथे उभ्या राहू शकल्या. ‘हितसंबंधित व्यक्ती’ असे लिहिलेले असते तर आधी आपला हितसंबंध सिद्ध करण्यातच त्यांची शक्ती गेली असती.

या हरकतीला जोर देणारे दुसरे कलम ३(ड) आहे. माहीत असलेल्या पदार्थाचे नवे रूप, म्हणजे नवा क्षार किंवा नवा स्फटिक, त्याची परिणामकारकता ठळकपणे वाढवत नसेल तर तो शोध मानायचा नाही, असे ते सांगते. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीच्या रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिव्हेक या औषधाच्या बाबतीत हे कलम कसोशीने लागू केले आणि औषधाच्या संदर्भात परिणामकारकता म्हणजे उपचाराची परिणामकारकता, असा अर्थ स्पष्ट केला. पदार्थ अधिक चांगला वाहतो, ओल कमी धरतो, टिकाऊ आहे, हे गुण कारखान्याच्या सोयीचे असतील, पण रुग्णाच्या शरीरात त्याने जास्त काम केले असे त्यावरून म्हणता येत नाही. पेटंटची गुणवत्ता वाढवणारी याहून नेमकी तरतूद मला दुसऱ्या कोणत्याही देशाच्या कायद्यात दिसलेली नाही.

हरकतींचा गैरवापर होत नाही असे मात्र मी म्हणणार नाही. दुसऱ्याच कोणासाठी आपले नाव वापरू देणारे हरकतदार असतात. निर्णय जवळ आला की एकामागून एक नवी हरकत दाखल करण्याची युक्तीही चालते. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये अशा एका हरकतदाराची याचिका फेटाळली होती. तेव्हा दुखणे खरे आहे. नव्या नियमांनी पूर्वी विनाशुल्क असलेल्या हरकतीला शुल्क लावले आणि हरकत ऐकण्याजोगी आहे की नाही हे नियंत्रकाने, म्हणजे अर्जावर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याने, आधी ठरवावे असे सांगितले. माझी भीती या दुसऱ्या पायरीविषयी आहे. अर्जदाराची बाजू ज्या टेबलावर इतकी वर्षे ऐकली गेली, त्याच टेबलावर बाहेरच्या माणसाला आत घ्यायचे की नाही हेही सुरुवातीलाच ठरणार, आणि ते ठरवण्याचे निकष मात्र नियमांत लिहिलेले नाहीत. त्यापेक्षा हरकतदाराने आपण कोणासाठी आणि कोणाच्या पैशाने उभे आहोत हे शपथेवर सांगावे, सर्व हरकती एका ठरावीक मुदतीत याव्यात आणि त्यांची सुनावणी एकत्र व्हावी, एवढे केले तरी खोटे हरकतदार गळतील आणि खरे राहतील. रुग्णांच्या संघटना, शेतकरी आणि लहान कारागीर यांना शुल्क माफ असावे.

आपल्या पत्रात नसलेली एक बाजूही येथेच मांडतो. चांगला शोध दोन ओळींत फेटाळणे हीसुद्धा निकृष्ट परीक्षाच आहे. अर्जातली मांडणी पूर्वज्ञान असलेल्या माणसाला सहज सुचेल असे म्हणायचे असेल, तर आधीचे ज्ञान काय होते, अर्जातला शोध काय आहे आणि एकातून दुसरे सहज कसे सुचते, या तिन्हींची चर्चा आदेशात हवी, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ॲग्रिबोर्ड इंटरनॅशनलच्या प्रकरणात सांगितले. मंजुरीच्या आदेशालाही हीच शिस्त असावी असे मला वाटते. आज फेटाळताना कारणे लिहावी लागतात, पण हरकत नसलेला अर्ज मंजूर करताना परीक्षकाने आधीचे कोणते संदर्भ बाजूला का ठेवले हे सहसा कुठेच दिसत नाही. कोल्हापूरच्या यंत्राच्या फायलीत अशी कारणांची चार वाक्ये लिहावी लागली असती, तर लिहिणाऱ्याचा हात पहिल्या दाव्यावर नक्कीच थबकला असता.

प्रश्न : मी न्यू जर्सीत सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करतो. इकडे मंजूर पेटंट पेटंट कार्यालयातच पुन्हा तपासण्याची व्यवस्था आहे. भारताने ती घ्यावी का?
– एक अभियंता

उत्तर : आपण म्हणता ती ‘इंटर पार्टेस रिव्ह्यू’ सप्टेंबर २०१२ मध्ये सुरू झाली. तिच्यातली एकच गोष्ट आपण जशीच्या तशी घ्यावी, ती म्हणजे मुदत. तेथे प्रकरण सुरू करण्याचे ठरल्यापासून साधारण एका वर्षात निकाल द्यावाच लागतो. सबळ कारण असेल तर फार तर सहा महिने वाढवून मिळतात. आपल्याकडे मंजुरीनंतरच्या हरकतीला अशी कायदेशीर मुदत नाही, ती वर्षानुवर्षे चालते आणि तोवर पेटंट जिवंत राहते. तुमच्याकडचा खर्च मात्र आपल्या लहान उद्योजकाला झेपणारा नाही. सॉफ्टवेअरच्या बाबतीत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या ॲलिस निकालाने अमेरिकेला बऱ्याच अंशी आपल्या कलम ३(के) च्या, म्हणजे निव्वळ संगणक-प्रोग्रॅमला पेटंट नाही या तरतुदीच्या, जवळ आणले आहे, आणि त्या विषयावर स्वतंत्र लिहावे लागेल.

प्रश्न : मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. पेटंट परीक्षक व्हावे असे वाटते. या कामात काही अर्थ आहे का, आणि तयारी कशी करावी?
– एक विद्यार्थिनी, अमरावती

उत्तर : आपले पत्र वाचून मला फार आनंद झाला. वरच्या उत्तरांत परीक्षकाच्या ज्या टेबलाविषयी लिहिले, ते टेबल आपले होऊ शकते. परीक्षकांची भरती स्पर्धा परीक्षेने होते. २०२३ च्या जाहिरातीत साडेपाचशेहून अधिक जागा होत्या आणि त्यांत रसायनशास्त्राला वेगळा वाटा होता. बौद्धिक संपदा व्यवस्थापनाची राष्ट्रीय प्रशिक्षण संस्था आपल्या जवळच, नागपुरात आहे.

तयारीसाठी १९७० चा कायदा कलम २, ३, २५ आणि ६४ पासून वाचायला घ्या. त्याबरोबर दर आठवड्याला एक फाइल वाचा. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध अर्जांची कागदपत्रे कोणालाही पाहता येतात. आधी मूळ दावे वाचा, मग पहिला तपासणी अहवाल न उघडता स्वतः दोन तास आधीचे ज्ञान शोधा. काय सापडले ते वहीत लिहून ठेवा आणि नंतर अहवाल उघडून परीक्षकाला काय सापडले होते ते ताडून पाहा. त्याच्या हातून सुटलेले काही आपल्याला सापडले आणि तो अर्ज अजून मंजूर झालेला नसेल, तर ते कार्यालयाला कळवा. ‘कोणतीही व्यक्ती’ या शब्दांत आपणही येता.